वायरलेसवाले नाथाजी आणि सात नंबरचा मीटर

नाथाजी जगदाळे फौजेतून पेन्शन घेऊन उंब्रजला परतला, तेव्हा स्टँडवर कोणीतरी सहज विचारलं, "नाथाजीराव, कुठल्या खात्यात हुता?" नाथाजीनं ट्रंक खाली ठेवली, मिशीला हात लावला आणि खरं तेच सांगितलं, "सिग्नलमदी." या एका शब्दावर त्यानं पुढची कितीतरी वर्षं आरामात काढली.

त्यात खोटं काही नव्हतं. सिग्नलच्या युनिटात तो होताच. फक्त तिथं तो लंगरात होता, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात कणीक तिंबायला. वायरलेसच्या तंबूत त्याचं जाणं व्हायचं ते चहाची किटली घेऊन. आतले लोक कानाला हेडफोन लावून 'रोजर', 'ओव्हर' असं काहीबाही ओरडत असायचे. नाथाजी चहा ओतता ओतता ऐकायचा. ऐकलेलं सगळं त्यानं गावी आणलं, किटली तेवढी तिकडं ठेवली. हवालदार ही पदवी गावानंच त्याला बहाल केली. देणाऱ्याचा हात कशाला धरा, म्हणून त्यानं ती घेतली.

घरी चंद्राबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. आमटीत मीठ कमी पडलं की हा माणूस शंभर जणांचा अंदाज सांगायचा, तेव्हाच तिनं काय ते ओळखलं होतं. पण नवऱ्याचं झाकलेलं उघडं करून कुठल्या बाईचं भलं झालंय? ती गप्प राहिली. आणि नाथाजी चुलीपाशी कधी फिरकत नसल्यानं गावालाही संशय यायचं कारण नव्हतं.

टीव्ही आला तसा नाथाजीचा भाव वधारला. रविवारी सकाळी चित्र हललं की पोरं त्याला बोलवायला यायची. तो कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "काय दिसतंय? ओव्हर!" खालून उत्तर यायचं, "आलं, आलं... गेलं!" अँटेना काय, चारी दिशांना फिरवली की कुठल्यातरी दिशेला चित्र येतंच. पण ते दुसऱ्या कोणी फिरवल्यानं आलं तर योगायोग, आणि नाथाजीनं फिरवल्यानं आलं तर सिग्नलचं शिक्षण.

या कीर्तीवरच त्याला तारळीकाठ वीजपुरवठा सहकारी संस्थेत मीटर वाचायची नोकरी लागली. संस्था घाऊक वीज घ्यायची आणि आसपासच्या गावांना किरकोळीनं वाटायची. चेअरमन नानासो मोहिते. संस्था म्हणजे नानासो आणि नानासो म्हणजे संस्था. मधे सभासद म्हणून जे काही होतं ते वर्षातून एकदा जेवायला यायचं.

नाथाजीची मीटर वाचायची पद्धत सोपी होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात बाकावर बसायचं आणि आकडे भरायचे. "मीटर बगाय लोकांच्या घरात कशाला शिराय पायजे?" तो म्हणायचा. "माणसाचं तोंड बगितलं की युनिट कळत्यात." गरिबाच्या तोंडावर त्याला नेहमी जास्त युनिट दिसायची आणि नानासोंच्या पाहुण्यारावळ्यांची तोंडं विजेच्या बाबतीत फार काटकसरी निघायची. असं सगळं बरं चाललं होतं.

सत्त्याण्णव साली या सुखात मिठाचा खडा पडला. मोठ्या गिऱ्हाइकांचे मीटर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या संस्थेला अनुदान मिळणार, असं नानासोंना पुण्यात कळलं. मीटर जोडून काय होतं हे त्यांनी विचारलं नाही. अनुदान या शब्दापुढचं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

काम आलं मिलिंद बनसोडेकडे. कराडला डिप्लोमा केलेला हा मुलगा संस्थेत इंजिनिअर होता, अजून कायम झालेला नव्हता. त्याचे वडील राजाराम फौजेतूनच निवृत्त झालेले, गावच्या बुद्धविहाराशेजारी राहायचे. मिलिंद हुद्द्यानं नाथाजीच्या वरचा. पण 'साहेब' हा शब्द बँकेतल्या शिपायालासुद्धा वापरणाऱ्या नाथाजीच्या तोंडात मिलिंदसाठी तो कधी तयारच झाला नाही. "मिलिंदा" म्हणायचा आणि वर "रं" लावायचा. मिलिंद अधूनमधून म्हणे, "हवालदार, घरी चला की चहाला. बाबा लय दिवस बोलवत्यात." त्या दिवशी नाथाजीला हटकून उपास निघायचा. चहा उपासाला चालतो, हे त्याला फक्त बनसोड्यांच्या दारात आठवत नसे.

मिलिंदनं मात्र काम मन लावून केलं. पिठाची गिरणी, तेलघाणा, लेथ, वेल्डिंगचं दुकान, लाकडाची वखार, बर्फाचा कारखाना, सगळीकडे नवे इलेक्ट्रॉनिक मीटर बसले. एकेका मीटरमधून बारीक वायर निघून खांबाखांबावरून संस्थेच्या कचेरीत आली आणि कॉम्प्युटरला जोडली गेली. कुठं किती वीज चालली आहे ते कचेरीत बसल्या बसल्या पडद्यावर दिसू लागलं. नदीपलीकडं वायर नेणं जमण्यासारखं नव्हतं. तिथं एकच मोठं कनेक्शन होतं, त्याच्या मीटरला मिलिंदनं वायरलेसची पेटी लावली. तिची काठी आणि संस्थेच्या गच्चीवरची काठी एकमेकींशी बोलायच्या. हा सात नंबरचा मीटर.

हे सात नंबरचं कनेक्शन होतं नानासोंच्या खडी क्रशरचं. क्रशर बंद होता, निदान लोकांना तसं सांगितलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी धुरळ्यानं शेजारच्या वस्तीवरली पोरं खोकून खोकून बेजार झाली, तेव्हा रंगुबाई नावाची एक म्हातारी भर ग्रामसभेत उभी राहिली होती. नानासोंनी मग पालीच्या खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, की आजपासून क्रशरचं चाक फिरणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनं मोठ्या कनेक्शनांच्या यादीत तोही घातला, आणि सही करताना वाचलं तर चेअरमनपणाला कमीपणा येतो म्हणून नानासोंनी न वाचता सही केली. चाचणीच्या आठवड्यात सात नंबर मुंगीएवढाही हलला नाही, त्यामुळे कोणाच्या मनात काही आलं नाही.

वायरलेस म्हटल्यावर इन्चार्ज कोण, हा प्रश्नच नव्हता. नानासोंनी सगळ्यांदेखत नाथाजीच्या पाठीवर थाप मारली. "घरात सिग्नलचा माणूस असताना भाईर कशाला हुडकायचा? कार्यक्रम नीट पार पडला की तुमाला कायम करतो, हवालदार." नाथाजीला घाम फुटला. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण एकच होतं.

पेटी आली तेव्हा त्यानं ती चारी बाजूंनी बघितली. "माईक कुठाय ह्येचा?"

"माईक न्हाई ह्येला," मिलिंद म्हणाला. "माणसानं बोलायचंच न्हाई. मीटर आपला आपण आकडा सांगतो."

"माणसानं बोलायचं न्हाई तर मग त्ये वायरलेस कसलं रं?" नाथाजी खरोखरच चिडला. ज्या दोन शब्दांवर त्यानं आयुष्य काढलं ते बोलायची सोयच या यंत्रात नव्हती. शेवटी त्यानं गणपती मंडळाचा एक बंद पडलेला माईक आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवला. कोणी बघायला आलं की तो त्यात "सात नंबर, सात नंबर, रोजर" म्हणायचा. माईकची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत असायची. एक गोष्ट मात्र त्यानं मनापासून केली. कोणता नंबर कोणाचा, हे त्यानं घोकून घोकून पाठ केलं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

उद्घाटनाची तारीख निघाली ती खंडेनवमीची. नानासोंचं म्हणणं, यंत्राचं काम आहे, यंत्राच्याच सणाला व्हायला हवं. मिलिंद त्यांच्याकडे गेला. "सायेब, त्या दिवशी समदी मशीनं धुऊन पुसून हार घालून बंद ठेवत्यात. पडद्यावर सगळीकडं शून्य दिसंल. आन मी त्या दिवशी हितं नसतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायाचं, आईबाबांना घेऊन आदल्या दिवशीच नागपूरला निघावं लागतं. रजा आधीच घातली हाय."

"मुहूर्त बगितलाय," नानासो म्हणाले. "तू जा की खुशाल. हवालदार हायत."

आता बघा. मशीन चालतं का ते दाखवायचा दिवस कोणता निवडला, तर ज्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीत एक मशीन चालत नाही तो. आणि ज्याला ते कळतं तो एकटा माणूस गावात नाही तो. एवढा अचूक नेम धरून चुकायला सहकारातच मुरावं लागतं.

खंडेनवमीला सकाळी गिरणीवाल्यानं जात्याला हार घातला, लेथवाल्यानं पान्हे मांडून कुंकू लावलं. सगळ्या गावातली घरघर थांबली. नाथाजीनं कॉम्प्युटरला हळद वाहिली, माईकला झेंडू बांधला आणि फौजेतला कोट घालून उभा राहिला. पुण्याहून अनुदान देणारे साहेब आले. गावचा बँड होता, संचालक होते, दाराखिडक्यांत माणसं होती. पुढच्या रांगेत कडेला रंगुबाई येऊन बसली होती. तिला बोलावलं नव्हतं, पण पेढे वाटणार हे तिला कळलं होतं.

साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर रांगेनं आकडे उमटले. एक नंबर, शून्य. दोन नंबर, शून्य. तीन, चार, पाच, सहा, सगळीकडे भोपळा. साहेबांनी चष्मा वर केला. "चालू आहे ना हे?"

नानासोंचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आवं सायेब, आज खंडेनवमी. मशीनं बंद हायती." साहेब मोठ्यानं हसले. "म्हणजे यंत्र खरं बोलतंय की! उत्तम!" टाळ्या पडल्या. नाथाजीची छाती कोटात मावेना.

आणि मग खालच्या ओळीत एक आकडा हलला. हलला तो हलतच राहिला, नुसता चढत चालला.

"अरे, हा कोण सण न पाळणारा?" साहेबांनी गमतीत विचारलं.

उत्तर कोणाला येत होतं? फक्त नाथाजीला. जन्मात पहिल्यांदा त्याला वायरलेसमधलं काही खरोखर येत होतं. पोरानं पाढा म्हणावा तसं त्यानं माईक तोंडाशी धरून ठणकावून सांगितलं, "सात नंबर! नानासोंचा क्रशर, सायेब! वायरलेसवर हाय!"

कचेरीत शांतता पसरली. एरवी गिरणी, घाणा, वखार यांच्या गोंगाटात जे कधीच ऐकू यायचं नाही, ते त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. नदीपलीकडून, टेकडीमागून, दगड फुटल्याची खडखड. सगळं गाव कार्यक्रमाला असणार, ऐकायला कोण नसणार, रस्त्याच्या कामाची खडी काढून घ्यावी, असा नानासोंचा हिशेब होता. रंगुबाई उठून उभी राहिली आणि कानामागं हात नेला.

"खिडकी लावा रं!" नानासो ओरडले. "बँड वाजवा!"

बँड सुरू झाला. त्याच्या आवाजात नानासो नाथाजीच्या अगदी जवळ आले. तोंडावर हसू, डोळ्यांत ते नव्हतं. मग हात वर करून त्यांनी बँड थांबवला. "सायेब, आमचं हवालदार सिग्नलचं जुनं माणूस. वायरीवरल्या मीटरचं बराबर हाय, त्यो वायरलेसचा आकडा तेवढा चुकीचा दिसतोय. तुमीच सांगा, हवालदार. तुमास्नी त्यातलं कळतं."

नाथाजीला कळत होतं, ते एवढंच, की यंत्र खरं बोलत आहे. त्याच्या कानांनी क्रशर ऐकला होता. पण 'मला यातलं कळत नाही' म्हणायचं तर सिग्नल गेलं, आणि 'आकडा बरोबर आहे' म्हणायचं तर नोकरी गेली. दोन्ही वाचवणारं एकच वाक्य उरलं होतं. ते त्यानं म्हटलं.

"व्हय सायेब. वायरलेसमदी हवा शिरली की असं व्हतं. पोरानं जोडणी कच्ची केलीया. आमच्यात असल्याला फाल्स सिग्नल म्हणत्यात." आणि सवयीनं पुढं जोडलं, "ओव्हर."

साहेबांनी मान डोलावली. ते काही बावळट नव्हते, पण त्यांनाही दसऱ्याला घरी पोहोचायचं होतं. रंगुबाई काहीतरी बोलत होती, पण बँड पुन्हा वाजायला लागला आणि तिच्या हातात कोणीतरी पेढा दिला.

मिलिंद परतला तो सरळ संचालकांच्या बैठकीतच उभा केला गेला. कच्च्या कामानं संस्थेची अब्रू घालवली, वर ऐन कार्यक्रमाला दांडी मारली. रजेच्या अर्जाचं कोणाला काही आठवेना. मिलिंद म्हणाला, "माझी जोडणी बराबर हाय. आत्ता चला क्रशरवर, समोर दाखवतो." क्रशरवर जायला संचालकांपैकी कोणालाच सवड नव्हती. नानासोंनी नाथाजीला पुढं बोलावलं. "हवालदार, पुन्यांदा सांगा."

नाथाजीनं मिलिंदकडे न बघता पुन्हा सांगितलं. मिलिंद मात्र त्याच्याकडेच बघत होता. त्याचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. नाथाजीला वाटलं, पोरगं भ्यालं.

मिलिंदला कामावरून कमी केलं. सात नंबरची पेटी उतरवली, तसा क्रशर दिवसाढवळ्या सुरू झाला आणि वस्तीवरली पोरं पुन्हा खोकू लागली. नाथाजी कायम झाला. नानासोंनी त्याला शाल घातली आणि तो पुन्हा हॉटेलातल्या बाकावर बसून आकडे भरू लागला. पण गंमत अशी, की शाल घरी आणली तेव्हा चंद्राबाईनं ती हातात घेतली नाही. "ठिवा तिकडं," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्या रात्री जेवण त्याला गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेलं नाही. बेशरम माणसालासुद्धा कधीकधी लाज वाटते आणि ती नेमकी जेवणाच्या वेळी वाटते.

महिन्याभरानं मिलिंद सांगलीला निघाला. तिथं विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या एका दुकानात त्याला काम मिळालं होतं. नाथाजी हॉटेलातून उठला आणि रस्ता ओलांडून स्टँडवर त्याच्यापाशी गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"मिलिंदा, एक सांगू का? मी वायरलेसवाला न्हवतो रं. मी लंगरात हुतो. रोट्या करायला."

"म्हाईत हाय," मिलिंद म्हणाला.

"कवापासनं?"

"तुमाला इन्चार्ज केल्याचं घरी सांगितलं त्याच दिवसापासनं. बाबांची पलटण पठाणकोटला हुती तवा त्ये महिनाभर तुमच्या लंगरात जेवायला हुते. तुमी वळकलं न्हाई, पण त्यांनी तुमाला गावात आल्या आल्या वळकलं. म्हणले, लय चांगला माणूस, परत परत वाढायचा."

"मग त्या बैठकीत बोलला का न्हाईस?" नाथाजीनं विचारलं. "येवडं येक वाक्य बोलला असतास तर तुजी नोकरी ऱ्हायली असती की रं!"

सांगलीची गाडी स्टँडात शिरली. मिलिंदनं पिशवी उचलली.

"बाबांनी बजावून ठेवलं हुतं," तो म्हणाला. "ज्यानं आपल्याला जेवू घातलं, त्याची अब्रू चारचौघांत काढायची न्हाई."

तो गाडीत चढला, मधल्या बाकावर जागा मिळाली तिथं बसला. कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि गाडी कराडच्या अंगाला निघून गेली. नाथाजी तिथंच उभा होता. हॉटेलातून कोणीतरी हाक मारली, "हवालदार, या की चा घ्याला." त्यानं उपास आहे म्हणून सांगितलं.